गवत कापायला जुना छोटा ट्रॅक्टर घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉन मोठं आहे, नवीन पत्र्याचा मोअर (गवत कापायचं यंत्र) नकोय, जुना दणकट ट्रॅक्टर घ्यायचाय, कोणता घेऊ? हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. एकेक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे दुसरीकडे आधीच लिहिलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय. बहुतेक जण आधी ट्रॅक्टरच्या प्रेमात पडतात आणि मग त्याला डेक (ब्लेड बसवलेलं, ट्रॅक्टरला लावायचं पत्र्याचं कवच) शोधत फिरतात, आणि मला मनापासून वाटतं की हे उलट व्हायला पाहिजे. आधी गवत बघा, मग डेक, मग तो डेक फिरतो कसा आणि थांबतो कसा, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक्टरचा रंग.

१. जुना छोटा ट्रॅक्टर म्हणजे नेमके कोणते?

ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिलं म्हणजे शेतीसाठीच बनलेले पण आकाराने लहान: फार्मॉल कब (पुढे नुसतं ‘कब’ म्हणजे हाच), फोर्डचे ९एन-२एन-८एन, फर्ग्युसन टीई-२०, मॅसी फर्ग्युसन ३५ वगैरे. दुसरं म्हणजे १९६० च्या आसपास खास मोठ्या आवारांसाठी आलेले गार्डन ट्रॅक्टर, जसे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, जॉन डिअर ११०, व्हील हॉर्स. तिसरं म्हणजे १९७० नंतरचे छोटे जपानी डिझेल, कुबोटाची बी सिरीज आणि यानमार. तिन्ही गवत कापतात पण कापायची पद्धत, वजन आणि त्रास वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकमेकांशी सरळ तुलना करू नका.

२. लॉन किती मोठं असेल तर याचा विचार करायचा?

गणित सोपं आहे. डेकची रुंदी गुणिले वेग, आणि त्यातून वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे यांचे साधारण २० टक्के वजा करायचे. ताशी ५ किलोमीटर वेगाने ४२ इंची डेक तासाला साधारण १ एकर कापतो, ६० इंची दीड एकर, ७२ इंची पावणेदोन एकराच्या थोडं वर. आता तुमच्या आवारात झाडं, वाफे, बाक किती आहेत ते बघा. एक एकरापर्यंत आणि अडथळे बरेच असतील तर गार्डन ट्रॅक्टर, एक ते तीन एकर असेल तर मोठा गार्डन ट्रॅक्टर किंवा पोटाखाली डेक असलेला कब, आणि त्याच्या वर मोकळं सपाट असेल तर मागे मोअर लावलेला शेतीचा ट्रॅक्टर, असं मी सांगतो. अडथळे जितके जास्त तितका ट्रॅक्टर लहान, एकर कितीही असोत.

३. आधी ट्रॅक्टर घेऊ आणि डेक नंतर बघू, चालेल का?

नका करू असं. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन, गिअर, टायर सगळं मिळतं, पण त्या मॉडेलला बसणारा पोटाखालचा डेक, त्याचे हँगर, पुली, बेल्टचे गाइड हे सुटे शोधायला गेलात की जीव मेटाकुटीला येतो. एखादा छोटासा ब्रॅकेट नसतो आणि अख्खा डेक पडून राहतो. त्यामुळे डेक लावलेला, चालू, तुमच्यासमोर गवत कापून दाखवलेला ट्रॅक्टर थोडा कळकट असला तरी चकचकीत रंगवलेल्या पण डेक नसलेल्या ट्रॅक्टरपेक्षा शंभर पटीने बरा. मागे थ्री पॉइंट (अवजार जोडायचे तीन दांडे) आणि नेहमीचा ५४० चा पीटीओ (इंजिनचा जोर अवजाराला देणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे) असलेल्या ट्रॅक्टरला मात्र ही अट इतकी कडक नाही, कारण त्यांना कुठल्याही कंपनीचा मोअर बसतो (पण प्रश्न ७ वाचून मगच).

४. पोटाखालचा डेक चांगला की मागे लावायचा मोअर?

लॉनसाठी माझं मत पोटाखालच्या डेकच्या बाजूने आहे. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे असतो त्यामुळे जमिनीच्या चढउताराबरोबर चालतो, मान वळवून मागे बघत बसावं लागत नाही, झाडाच्या जवळून जाताना कडा कुठे आहे ते दिसतं. मागचा मोअर वळताना बाहेरच्या बाजूला झुकतो आणि झाडाची साल काढतो, नवीन माणसाकडून हे हमखास होतं. शिवाय ट्रॅक्टरची चाकं गवत आधी दाबतात आणि मोअर मागून येतो, उंच गवत असेल तर चाकांच्या दोन रेघा उभ्या राहतात.

पण मागच्या मोअरचे फायदेही आहेत. काढायला-लावायला सोपा, ब्लेड बदलायला खाली झोपावं लागत नाही, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला मोकळा होतो. पोटाखालचा डेक लावलेल्या ट्रॅक्टरने खडबडीत जागेत दुसरं काही करायचं म्हणजे आधी तो काढा, कामानंतर परत लावा.

५. फिनिश मोअर, स्लॅशर, फ्लेल, सिकल बार... लॉनला यातला कोणता?

लॉन म्हणजे दर आठ-दहा दिवसांनी कापायचं गवत असेल तर फिनिश मोअर. त्यात साधारण तीन ब्लेड असतात, स्वतःच्या चार छोट्या चाकांवर चालतो आणि कापणी सारखी येते. स्लॅशर रानासाठी, झुडपांसाठी आहे, त्याने लॉन कापलं तर गवताची टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी सगळं पिवळट दिसतं. फ्लेल मोअर दोन्हीच्या मधला, दगड फार लांब उडवत नाही म्हणून रस्त्याकडेला, लोकांच्या जवळ चांगला. सिकल बार कात्रीसारखा कापतो आणि लांब गवत आडवं पाडून ठेवतो, ते गोळा करायचं असेल तरच.

६. हॉर्सपॉवर किती लागते?

मागच्या फिनिश मोअरला पीटीओवर दर फुटाला साधारण ४ ते ५ हॉर्सपॉवर धरा, म्हणजे ५ फुटी मोअरला २० ते २५. फोर्ड ८एन आणि टीई-२० या हिशेबात बसतात. आता लगेच कोणीतरी विचारतं की मग जेमतेम ९-१० हॉर्सपॉवरचा कब ५९ इंची डेक कसा ओढतो. ओढतो, कारण तो डेक बेल्टवर चालणारा हलका आहे आणि गवत वेळेवर कापलेलं असतं. दोन आठवडे पाऊस लागला, कापणी चुकली, गवत ओलं आणि गुडघ्याएवढं झालं की तोच कब दम खातो. मग डेक वर घेऊन एकदा आणि नंतर खाली घेऊन परत एकदा, असं दोन फेऱ्यांत कापायचं.

७. लाइव्ह पीटीओ नसला तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. लाइव्ह पीटीओ म्हणजे क्लच दाबून ट्रॅक्टर थांबवला तरी फिरत राहणारा पीटीओ. मला विचाराल तर या अख्ख्या पानावर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

फोर्ड ९एन, २एन, ८एन आणि फर्ग्युसन टीई-२० मधे पीटीओ क्लचच्या मागून चालतो. क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर मोअरही सुटतो. लॉनवर याचा त्रास असा की दाट गवत आलं, तुम्हाला ट्रॅक्टर थांबवून ब्लेडना वेग पकडू द्यायचाय, पण क्लच दाबला की ब्लेडही मंदावतात. नेमकं जिथे ब्लेड जोरात फिरायला पाहिजे तिथेच ते सुस्त होतात.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. स्लॅशरचं ब्लेड जड असतं, एकदा फिरायला लागलं की लगेच थांबत नाही. तुम्ही क्लच दाबला, पण ते फिरणारं ब्लेड उलट पीटीओच्या शाफ्टमधून गिअरबॉक्सला आणि तिथून मागच्या चाकांना ढकलत राहतं. तुम्ही ब्रेकवर उभे आणि ट्रॅक्टर पुढेच चाललाय, कुंपणात, भिंतीत, तळ्यात. यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग कपलर, पीटीओच्या टोकावर बसणारा छोटा तुकडा, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने जोर देणारा. लाइव्ह पीटीओ नसलेल्या ट्रॅक्टरला मागे ब्लेडवालं काहीही लावत असाल तर हा कपलर लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

तिसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. या ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा पंपही पीटीओच्याच शाफ्टवर चालतो. म्हणजे मोअर उचलायचा तर पीटीओ जोडलेला हवा आणि क्लच सोडलेला हवा. मोअर उचलून पीटीओ काढला की तो थोडा वेळ वर राहतो पण जुनं लिफ्ट हळूहळू खाली बसतं, म्हणून लांब न्यायचा असेल तर साखळ्या लावून टांगा.

८. ओव्हररनिंग कपलर लावला की लाइव्ह पीटीओ झाला ना?

नाही. कपलर फक्त मोअरला ट्रॅक्टर ढकलू देत नाही. क्लच दाबल्यावर ब्लेड मंदावतात ते मंदावतातच. आणि कपलरमुळे शाफ्टची लांबी काही इंचांनी वाढते, त्यामुळे शाफ्ट कापून छोटा करावा लागू शकतो, नाहीतर मोअर उचलल्यावर शाफ्ट आत टेकून गिअरबॉक्सचं बेअरिंग फोडेल.

९. मग लाइव्ह पीटीओवाले जुने कोणते?

मॅसी फर्ग्युसन ३५ च्या बऱ्याच ट्रॅक्टरांत दोन टप्प्यांचा क्लच आहे. अर्धा दाबला की चाकं सुटतात पण पीटीओ चालू राहतो, पूर्ण दाबला की तोही थांबतो. सगळ्या ३५ मधे नव्हता, तेव्हा घेण्याआधी मोअर चालू ठेवून अर्धा क्लच दाबून बघाच. फोर्डने १९५३ मधे आणलेल्या एनएए या मॉडेलमधे लाइव्ह पीटीओ मागणीनुसार मिळायचा, म्हणजे तिथेही प्रत्येक ट्रॅक्टर वेगळा तपासावा लागतो. गार्डन ट्रॅक्टरांचं बरं आहे, प्रश्न ११ बघा.

१०. फार्मॉल कबबद्दल सगळे एवढं चांगलं का बोलतात?

कारण तो खरंच चांगला आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९४७ ते १९७९ पर्यंत बनवला, इतकी वर्षं जवळजवळ तेच चार सिलिंडरचं ६० घन इंची इंजिन, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि माहिती असलेली माणसंही भेटतात. इंजिन डाव्या बाजूला आणि चालकाची सीट उजव्या बाजूला सरकवलेली आहे, म्हणून समोरची जमीन आणि डेकची कडा सरळ दिसते. लॉनसाठी लो-बॉय नावाचा बुटका प्रकार १९५५ मधे आला, तो खाली बसलेला असल्यामुळे झाडाखाली जाता येतं आणि उतारावर जरा धीर येतो. वुड्स कंपनीचे ४२ आणि ५९ इंची पोटाखालचे डेक कबला खूप लावलेले दिसतात.

उणिवाही सांगतो. गिअर पुढचे तीनच, त्यामुळे वेग आणि गवत यांचं जमवून घ्यावं लागतं, बहुतेक जण दुसऱ्यात कापतात. पीटीओ लाइव्ह नाही. आणि याला वॉटर पंपच नाही, पाणी गरम झालं की आपोआप वर जातं आणि थंड होऊन खाली येतं एवढ्यावरच इंजिन थंड राहतं, म्हणून रेडिएटरमधलं पाणी कमी झालं किंवा जाळी गवताच्या भुशाने भरली तर तो लगेच तापतो. कापणी चालू असताना मधेच उतरून, इंजिन बंद करून, जाळी हाताने साफ करायची सवय लावा.

११. कब कॅडेट, जॉन डिअर ११०, व्हील हॉर्स हे खरे ट्रॅक्टर आहेत की मोठे मोअर?

ट्रॅक्टरच आहेत, नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. पहिला कब कॅडेट १९६१ चा, ७ हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन. १९६३ पासूनच्या ७० आणि १०० या मॉडेलांत इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत बेल्ट नाही, सरळ शाफ्ट आहे. जॉन डिअर ११० पण १९६३ चाच. कोहलरची ती के सिरीज बिडाची, खोलून परत बनवता येते. आणि लॉनसाठी मोठा फायदा म्हणजे यांच्या डेकचा क्लच चाकांच्या क्लचपासून वेगळा आहे, त्यामुळे पाय दाबून ट्रॅक्टर थांबवला तरी ब्लेड पूर्ण वेगात फिरत राहतात. प्रश्न ७ मधलं सगळं रडगाणं इथे नाही.

एअर कूल्ड इंजिन असल्यामुळे वरचं पत्र्याचं कव्हर वर्षातून एकदा तरी काढून आतल्या फिन्समधला गवताचा कचरा साफ केलाच पाहिजे, बाहेरून स्वच्छ दिसणारं इंजिन आतून गच्च भरलेलं असतं. दोन-तीन एकरांपर्यंत, अडथळ्यांचं आवार, चालवणारा नवीन, तर मी हेच सांगतो, शेतीचा ट्रॅक्टर नाही.

१२. जुने जपानी डिझेल घ्यावेत का?

कुबोटा बी ६०००, बी ७१०० सारखे ट्रॅक्टर लॉनसाठी आकाराने एकदम योग्य आहेत, इंधन कमी पितात, काहींना फोर व्हील ड्राइव्ह आहे, बी ७१०० चा हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता तेलाच्या दाबावर वेग कमी-जास्त होणारा) प्रकारही आहे. काळजी घ्यायची ती अशी की जपानच्या बाजारासाठी बनलेले आणि नंतर वापरून दुसऱ्या देशात आलेले ट्रॅक्टर बरेच आहेत. त्यांचे भाग वेगळे निघू शकतात, स्टिकर जपानीत, आणि मागच्या पीटीओला दोन-तीन वेगवेगळे वेग असतात. रोटाव्हेटरसाठी ते बरोबर आहे, पण फिनिश मोअर चुकून वरच्या वेगाला लावलात तर ब्लेड आणि बेअरिंग दोन्ही जातील. लिव्हरच्या कुठल्या जागी ५४० आहे ते कळल्याशिवाय मोअर जोडू नका.

१३. एवढ्या जड ट्रॅक्टरने लॉन खराब नाही का होणार?

होऊ शकतं. कब कॅडेट साधारण ३०० किलो, कब ७०० च्या आत, फोर्ड ८एन ११०० च्या आसपास, त्यावर मोअर आणि तुम्ही. पण वजनापेक्षा टायर जास्त नुकसान करतात. शेतीचे उंच खाचांचे टायर वळताना गवत मुळासकट उपटतात. टर्फ टायर, म्हणजे रुंद आणि बारीक नक्षीचे, लावले आणि हवा जास्त भरली नाही तर मोठा ट्रॅक्टरही चालून जातो. पावसानंतर दोन दिवस थांबा, ओल्या जमिनीत कुठलेच टायर वाचवत नाहीत. आणि दर वेळी त्याच रेषेत कापू नका, चाकोऱ्या पडतात.

१४. आमच्याकडे उतार आहे, चालेल का?

सौम्य असेल तर चालेल. १५ अंश ही मर्यादा बरेच उत्पादक देतात, म्हणजे १०० फूट आडवं गेल्यावर साधारण २७ फूट चढ. जुन्या उंच ट्रॅक्टरला मी त्याच्या खूप आतच राहीन. उभा चढ-उतार कापा, आडवं जाऊ नका, उतरताना गिअर आधीच लावा, क्लच दाबून उतरू नका. पुढची दोन चाकं चिकटून असलेले तीनचाकी दिसणारे रो-क्रॉप ट्रॅक्टर उताराच्या लॉनसाठी घेऊच नका, कितीही चांगल्या स्थितीत असले तरी.

१५. जुन्या ट्रॅक्टरला रोल बार नसतो, लावून घ्यावा का?

रोल बार म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला, तपासलेला मिळत असेल तर हो, आणि त्याबरोबर सीट बेल्टही. स्वीडनने १९५९ मधेच नव्या ट्रॅक्टरांना हे सक्तीचं केलं, पण बाकी ठिकाणी खूप उशीर झाला आणि आपण बोलतोय ते बहुतेक ट्रॅक्टर त्याशिवायच बनलेत. ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा एक-दीड सेकंदच मिळतं, उडी मारू वगैरे डोक्यातून काढून टाका. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप वाकवून घेऊ नका, तो वजनाने मोडतो. आणि रोल बार नसेल तर सीट बेल्ट लावायचा नाही, दोन्ही बरोबरच. मुलांना मडगार्डवर किंवा मांडीवर घेऊन गवत कापायचं नाही, यावर मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

१६. बघायला गेल्यावर काय काय तपासू?

आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड असताना चालू होतं का ते बघायचंय. गेल्यावर इंजिनला हात लावा. मग गिअरबॉक्सचं तेल, दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय, बाहेर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांत गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून हमखास शिरतं. तेवढ्याने ट्रॅक्टर नाकारू नका, पण तेल बदलायचा खर्च आणि आतल्या गंजाचा धोका धरा. ब्लॉकवर वेल्डिंगची रेघ किंवा पुटी दिसली तर सोडून द्या, थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटलेला असतो. निळा धूर सतत म्हणजे तेल जळतंय. स्टिअरिंग पाव फेरा फिरलं तरी चाकं हलत नसतील तर लॉनवर सरळ रेघ येणार नाही.

डेककडे जास्त वेळ द्या. ब्लेडची टोकं हाताने (इंजिन बंद, प्लगची वायर काढून) वर-खाली हलवा, ढिलं लागलं तर स्पिंडलची (ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंग गेलीत. डेकचा पत्रा खालून गंजून कागद झालाय का ते टोचून बघा. आणि शेवटी गवतात पीटीओ लावून निदान १५ मिनिटं कापून बघा, गरम झाल्यावर ज्या तक्रारी येतात त्या अंगणात उभ्या उभ्या कळत नाहीत.

१७. स्टार्टरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू करून दाखवतात, तसं चालतं का?

अजिबात नाही. ८एनमधे स्टार्टरचं बटण गिअर न्यूट्रलमधे असतानाच चालतं, ती सोय मुद्दाम दिलेली आहे. स्टार्टर बाहेरून जोडला आणि ट्रॅक्टर गिअरमधे असला तर तो समोर उभ्या माणसावरच जातो. असं चालू होणारा ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर ते बटण दुरुस्त करून मगच वापरा.

१८. ६ व्होल्टचं १२ करून घेऊ का?

८एन आणि जुने कब दोन्ही ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ट्रॅक्टरच्या धातूला जोडलेलं). नीट असेल तर ६ व्होल्टवरही छान चालू होतात. होत नाहीत कारण कोणीतरी बारीक केबल घातलेली असते, ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो म्हणून केबल जाड हवी आणि अर्थ खरवडून स्वच्छ हवा. आधी ते करा. तरी बदलायचंच असेल तर कॉइल १२ ची घाला किंवा रेझिस्टर लावा, बल्ब बदला.

१९. आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं. या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी आहे, साधारण ६ ते ७ ला १, महाग जादा ऑक्टेनचं काही कारण नाही. त्रास इथेनॉलचा, जुने रबर आणि कॉर्क खराब होतात आणि महिनोन् महिने उभं राहिलं की कार्बुरेटरमधे चिकटा बसतो. हंगाम संपला की टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

२०. कापल्यावर पट्टे राहतात, कुठे उंच कुठे खरवडलेलं, ट्रॅक्टर बदलू का?

थांबा. बहुतेक वेळा डेक नीट बसवलेला नसतो. सपाट जागेवर टायरची हवा दोन्हीकडे सारखी करा, मग डेकची उंची डावी-उजवी सारखी, पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडीशी खाली. मागच्या फिनिश मोअरची टॉप लिंक (थ्री पॉइंटचा वरचा दांडा) ताठ ठेवू नका, ती ढिली असली की मोअर स्वतःच्या चाकांवर चालतो. मधे एक बारीक उभी रेघ राहत असेल तर ब्लेड झिजून छोटी झालीत किंवा इंजिन पूर्ण वेगात नाहीये, हळू चालायचं असेल तर गिअर कमी करा, थ्रॉटल नाही.

२१. कबच्या मागच्या पीटीओला नेहमीचा ५४० चा फिनिश मोअर लावता येईल का?

नाही, आणि हे विचारून घेतलंत ते बरं झालं. कबचा मागचा पीटीओ इंजिनच्याच वेगाने फिरतो, ५४० च्या जवळजवळ तिप्पट, आणि दिशाही उलटी. दुसरा मोअर लावला तर ब्लेड उलटे आणि भयानक वेगात फिरतील, तुकडे उडू शकतात. कबला कबसाठी बनवलेलाच डेक लावायचा. तो मिळत नसेल तर तो कब सोडा आणि प्रश्न ३ परत वाचा.

२२. ८एनचा पहिला गिअरही दाट गवतात जोरात वाटतो, काय करू?

खरंय, त्याचा पहिला गिअर जरा लांबच आहे आणि इंजिन कमी केलं तर ब्लेडही मंद होतात. काही एन ट्रॅक्टरांना शर्मन कंपनीचा जादा गिअरबॉक्स बसवलेला असतो, त्यातला वेग कमी करणारा प्रकार मिळाला तर लॉनसाठी सोनं आहे, पण शर्मनचेच वेग वाढवणारेही होते, तेव्हा लिव्हर टाकून चालवून बघा आणि मगच ठरवा. तो नसेल तर मोअरची रुंदी अर्धीच गवतात घालून कापा, फेऱ्या वाढतील पण ब्लेड वेगात राहतील.